कॅज्युअल्टीतल्या सिस्टरची तक्रार वर का पोचत नाही, आणि ती पोचवायची कशी

प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात, रात्री दोनच परिचारिका. मामा (वॉर्डबॉय) एकच, तोही अर्धा वेळ एक्स-रे आणि वॉर्डाच्या फेऱ्यांत. वर बेड नाही म्हणून व्हेंटिलेटरचा पेशंट सकाळपर्यंत खालीच. ऑर्डरी फोनवर, नातेवाईक अंगावर, आणि काही बिनसलं की खुलासा मागतात तो सिस्टरकडे. मेट्रनना (परिचारिकांच्या प्रमुखांना) अनेकदा सांगून झालं, “बघू”च्या पुढे काही नाही. नोकरी सोडायची नाही, मग करायचं काय?

पहिली गोष्ट, सांगणं थांबवा आणि लिहायला लागा. तोंडी तक्रारीला आवक क्रमांक नसतो. मेट्रन तुमचं म्हणणं सिव्हिल सर्जनकडे, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुखांकडे, नेणार कशाच्या आधारावर? “सिस्टर लोक फार थकतात” या वाक्यावर कुठलीही फाइल हलत नाही.

दुसरं कारण जरा खोल आहे. मनुष्यबळाचे जे जुने निकष सरकारी कागदांत फिरतात, त्यात केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने साध्या वॉर्डाला ६ रुग्णांमागे १ आणि आयसीयूला १ रुग्णामागे १ परिचारिका धरली आहे. कॅज्युअल्टीचा हिशेब मात्र खाटांवर नाही, दिवसाच्या आवकीवर आहे: दिवसाला १०० रुग्णांपर्यंत पाळीमागे १, त्यापुढे प्रत्येक ३५ रुग्णांमागे १ जादा. रुग्ण आला, टोचलं, पुढे पाठवला, अशा काळातलं हे गणित. तो ९ तास तिथेच पडून राहील हे त्यात धरलेलंच नाही. वर आयसीयूत गेला असता तर ज्याच्यासाठी एक अख्खी परिचारिका मोजली गेली असती, तोच पेशंट खाली असताना आवक रजिस्टरमधली एक ओळ असतो. तुमची सगळी दमछाक या फटीत आहे, आणि ती कुठल्याच मासिक अहवालात दिसत नाही. कॅलिफोर्नियात आपत्कालीन विभागात ४ पेशंटांमागे १ आणि गंभीर असतील तर २ मागे १ परिचारिका हे २००४ पासून कायद्यानेच बांधलेलं आहे. आपल्याकडे निकष आहेत, सक्ती नाही. म्हणून ही फट आकड्यात दाखवायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

त्यासाठी २०० पानी वही पुरते. दर पाळीला एक ओळ, पुढच्या पाळीला ओव्हर देण्याआधी पाच मिनिटांत भरायची. रकाने असे: पाळीत आलेले एकूण रुग्ण, त्यात रेड (अतिगंभीर) किती, यलो (गंभीर) किती, व्हेंटिलेटरवर किती आणि किती तास, बेड मिळायची वाट बघत ४ तासांपेक्षा जास्त थांबलेले किती, आणि त्यांचे मिळून तास किती, सर्पदंशाचं एएसव्ही (विषावरचा उतारा) किती जणांना सुरू झालं, एमएलसी (पोलिसांना कळवायची प्रकरणं) किती, हजर परिचारिका, मामा, मावशी किती, छातीत दुखतंय म्हणून आलेल्यांपैकी किती जणांचा ईसीजी १० मिनिटांच्या आत निघाला नाही, आणि कोणतं औषध किंवा वस्तू संपलेली होती. पेशंटची नावं या वहीत अजिबात नकोत. वही इन्चार्ज सिस्टरच्या माहितीने, विभागाची म्हणून चालवा. लपवून ठेवलेली वही उद्या तुमच्यावरच उलटते.

महिनाभर भरली की एक साधा हिशेब मांडा. उदाहरणादाखल: रात्रीची पाळी १२ तासांची, परिचारिका दोन, प्रत्येकी अर्धा तास जेवण वजा. हातात राहिली १,३८० मिनिटं. आता ६० नवे रुग्ण, व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास), नोंद आणि पहिलं इंजेक्शन धरून प्रत्येकी १२ मिनिटं: ७२०. व्हेंटिलेटरचा एक पेशंट, १ मागे १ या हिशेबाने पूर्ण पाळी: ७२०. एएसव्हीचे दोन पेशंट: १२०. एमएलसीची आठ प्रकरणं, प्रत्येकी १५ मिनिटं: १२०. बेरीज १,६८०. म्हणजे ३०० मिनिटांची तूट, एका परिचारिकेचे पाच तास, आणि यात फोन, इंडेंट, ऑक्सिजन सिलिंडर बदलणं काहीच धरलेलं नाही. तुमच्या विभागात एका रुग्णाला खरोखर किती मिनिटं लागतात ते दोन-तीन पाळ्यांत घड्याळ लावून बघा आणि तोच आकडा घाला. फुगवलेला एक आकडा सापडला की बाकीचे खरे आकडेही वाया जातात.

एएसव्हीला तासभर का धरला, असं कोणीतरी विचारेलच. पहिला डोस १० व्हायलचा, सलाईनमध्ये मिसळून सुमारे एका तासात जातो, आणि जीवघेणी रिअ‍ॅक्शन बहुधा याच तासात येते. अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिली सिरिंजमध्ये भरून उशाशी, नजर श्वासावर, पुरळावर आणि बीपीवर. शिवाय रक्त गोठतंय का बघायची २० मिनिटांची चाचणी नव्या, कोरड्या काचेच्या टेस्टट्यूबमध्ये, न हलवता करायची. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या ट्यूबमध्ये रक्त नीट गोठत नाही, चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येते आणि आणखी १० व्हायल चढतात. हे काम “अधूनमधून बघते” म्हणत होत नाही. असं एकेका कामाचं कारण दोन ओळींत लिहून हिशेबाला जोडा. प्रशासनातल्या माणसाला परिचारिकेचा तास कशात जातो हे खरंच माहीत नसतं.

आता पत्र. एक पान, सिव्हिल सर्जनना उद्देशून, मेट्रनमार्फत. ‘मार्फत’ महत्त्वाचं, कारण त्यांना ओलांडून गेलात तर पहिली भिंत तिथेच उभी राहते. विषय: अपघात विभागातील रात्रपाळीचे मनुष्यबळ. पहिल्या परिच्छेदात महिन्याचे आकडे, दुसऱ्यात मिनिटांची तूट, तिसऱ्यात मागण्या. मागण्या तीनच असू द्या, आणि त्यातली एक तरी बिनखर्चाची: उदाहरणार्थ, वर बेड नसताना व्हेंटिलेटरचा पेशंट खाली राहिला तर त्याच्यासाठी आयसीयूच्या यादीतली परिचारिका खाली यावी, असा लेखी आदेश. दुसरी मागणी रात्री दुसऱ्या मामाची. तिसरी पदांची. “असह्य”, “अमानुष”, “वारंवार विनंती करूनही” असले शब्द काढून टाका. सह्या विभागातल्या सगळ्यांच्या. एकटीच्या सहीचं पत्र बदलीला आमंत्रण. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेऊन घरी ठेवा. २००५ च्या बदल्यांच्या आणि दप्तर दिरंगाईच्या कायद्याप्रमाणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, म्हणून पंधरवड्याने त्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्यायला काहीच हरकत नाही.

वेगळी नोंद लागते ती खास वाईट रात्रीसाठी. पाळी सुरू होतानाच दिसतंय की दोन व्हेंटिलेटर आहेत आणि आपण दोघीच. अशा वेळी काम नाकारू नका. कॅज्युअल्टीतून निघून जाणं कुठल्याच चौकशीत टिकत नाही. मेट्रन किंवा रात्रीच्या सुपरवायझरना फोन करा आणि रिपोर्ट बुकात लिहा: “२०:१५. विभागात २ व्हेंटिलेटर, ११ दाखल, परिचारिका २. सुपरवायझरना फोनवर कळवले, जादा परिचारिकेची मागणी केली. उत्तर: उपलब्ध नाही. उपलब्ध मनुष्यबळात काम सुरू केले.” एवढंच. “जबाबदारी आमची नाही” असं लिहायचा मोह होतो, पण त्या वाक्याने जबाबदारी टळत नाही, उलट ते वाचणाऱ्याला चिडवतं.

मनुष्यबळाची ही नोंद पेशंटच्या केसपेपरवर मात्र चुकूनही लिहू नका. केसपेपर पेशंटचा असतो आणि कोर्टात जातो. तिथे फक्त काय दिसलं, काय केलं, कुणाला किती वाजता कळवलं. मनुष्यबळाचं रडगाणं, डॉक्टर आणि सिस्टरमधली धुसफूस, दुसऱ्या विभागावरचे शेरे यांना तिथे जागा नाही.

नोंद चोख का हवी, यामागे कायद्यातली एक बारीक गोष्ट आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. उपचार करताना घडलं तर डॉक्टरला ती २ वर्षांपर्यंत, पण ही सवलत ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिका’ला आहे आणि त्याची व्याख्या वैद्यकीय पदवी व वैद्यकीय नोंदवहीशी बांधलेली आहे. परिचारिका त्या व्याख्येत बसत नाही. फोनवर ऑर्डर देणारा सवलतीत आणि ती अमलात आणणारी बाहेर, अशी ही मांडणी. घाबरवायला सांगत नाही, पण तोंडी ऑर्डरीचा आळस कुणाला महाग पडतो ते यावरून कळेल.

म्हणून फोनवरची ऑर्डर घेताना औषधाचं नाव, डोस मिलिग्रॅममध्ये, कोणत्या मार्गाने आणि किती वेळात, हे चारही ऐका, लिहा, वाचून दाखवा, “बरोबर?” म्हणून विचारा. “एक अँप्युल द्या” ही ऑर्डर नव्हे. अ‍ॅड्रेनलिनची १ मिलीची अँप्युल १ मिलिग्रॅमची. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये ती पूर्ण शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या अॅलर्जीत) त्यातली अर्धीच, आणि ती मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अँप्युल तीच, पण एकाच्या जागी दुसरं झालं तर जिवावर बेततं. मिडॅझोलॅम मिलीला १ मिलिग्रॅमचंही येतं आणि ५ मिलिग्रॅमचंही. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची अँप्युल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट; ती थेट शिरेत कधीच जात नाही आणि क्रॅश कार्टमध्ये (आणीबाणीच्या औषधांच्या ट्रॉलीत) सलाईनच्या अँप्युलशेजारी तर ठेवायचीच नाही. ऑर्डर लिहून “दूरध्वनीवरून” अशी खूण करा, वेळ टाका आणि २४ तासांच्या आत डॉक्टरांची सही घ्या. डॉक्टर समोर उभे असतील तर तोंडी ऑर्डर फक्त रिससिटेशनमध्ये, म्हणजे जीव वाचवायच्या धावपळीत, चालते. एरवी पेन त्यांच्या हातात द्या.

डॉक्टर येत नसतील तेव्हा काय बोलायचं हेही ठरवून ठेवा, कारण रात्री तीनला शब्द सुचत नाहीत. “सर, पेशंट जरा सीरियस वाटतोय” यावर झोपेतला माणूस “बघतो” म्हणणारच. “सहा नंबर, ट्रॅक्टर उलटून पोटाला मार, सिस्टॉलिक ८४, दहा मिनिटांपूर्वी ११० होतं, नाडी १२८. आतून रक्तस्राव असावा असं मला वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं.” आकडा, बदल, शंका, मागणी. दहा मिनिटांत आले नाहीत तर दुसरा फोन, मग आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), मग कन्सल्टंट. प्रत्येक फोनची वेळ केसपेपरवर: “०३:१२ ऑन-कॉल वैद्यकीय अधिकाऱ्यांना बीपी ८४/५०, नाडी १२८ कळवले. ०३:२४ बीपी ८०/४६, पुन्हा फोन, उत्तर नाही. ०३:२६ आरएमओंना कळवले.” “डॉक्टर आले नाहीत” असं लिहायची गरजच उरत नाही. खाडाखोड झाली तर एकच रेघ, वर वेळ आणि इनिशियल. राहून गेलेली नोंद नंतर केली तर “उशिरा नोंद” असं स्पष्ट लिहा. व्हाइटनर तर विभागातच नको.

ट्रायेजलाही, म्हणजे कुणाला आधी बघायचं हे ठरवण्यालाही, लेखी आधार द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या एकात्मिक ट्रायेज तक्त्यात प्रौढांसाठी धोक्याचे आकडे आहेत: नाडी ६० च्या खाली किंवा १३० च्या वर, श्वास १० च्या खाली किंवा ३० च्या वर, तापमान ३६ च्या खाली किंवा ३९ च्या वर, ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली, किंवा पेशंट पूर्ण सावध नसणं. यलो-ग्रीनमध्ये टाकलेल्या पेशंटचा यातला एक जरी आकडा लागला तरी डॉक्टरांनी लगेच बघायचं, असा विभागाचा नियम सिव्हिल सर्जनच्या सहीने भिंतीवर लावून घ्या. नगरसेवकाच्या माणसाला आधी का घेतलं नाही, या वादात तो कागद तुमच्या बाजूने बोलतो.

मारहाणीबद्दल. ती बहुतेक दोन क्षणी होते: तासभर कुणी काही सांगितलं नाही तेव्हा, आणि मृत्यू सांगताना. पहिल्यावर उपाय स्वस्त आहे, दर अर्ध्या तासाला एक वाक्य: “रिपोर्टला वेळ आहे, बीपी ठीक आहे, साडेअकराला पुन्हा सांगते.” मृत्यूची बातमी डॉक्टरांनी द्यायची, बसवून, कॉरिडॉरमध्ये नाही, आणि सुरक्षा बलाचा जवान आधी बोलावून ठेवायचा, गोंधळ झाल्यावर नाही. तुमच्या टेबलामागे बाहेर पडायची वाट मोकळी हवी. तिथे रिकामी स्ट्रेचर लावायची सवय मोडा.

तरी घडलंच, तर कायदा आहे: महाराष्ट्र वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि वैद्यकीय सेवा संस्था यांच्यावरील हिंसक कृत्यांना प्रतिबंध करणारा २०१० चा अधिनियम. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, मोडतोडीची दुप्पट भरपाई. नर्सिंगचे विद्यार्थीही त्यात येतात, आणि खासगी रुग्णालयंही. चौकीत मात्र एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन बोळवण करायची पद्धत आहे, म्हणून फिर्यादीत या कायद्याचं नाव आणि वर्ष आपणच लिहून न्यायचं. सरकारी सेवेत असाल तर न्याय संहितेची १२१ आणि १३२ ही कलमंही लागू होतात. फिर्याद संस्थेने द्यावी, एकट्या सिस्टरने नव्हे. कोलकात्यात ड्यूटीवरच्या महिला डॉक्टरच्या हत्येनंतर १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने संस्थाप्रमुखाने ६ तासांच्या आत फिर्याद द्यावी असं पत्र काढलं. ते मुख्यतः केंद्राच्या संस्थांसाठी असलं तरी सिव्हिल सर्जनपुढे ठेवायला उपयोगी आहे. त्याच दिवशी तीन गोष्टी उरका: सीसीटीव्हीचं फुटेज राखून ठेवण्याचा अर्ज, कारण त्यावर काही दिवसांत नवं रेकॉर्डिंग चढतं, स्वतःच्या जखमांची एमएलसी, साक्षीदारांची नावं. मामांचा आणि 108 च्या चालकाचा जबाब बहुधा कोणी घेतच नाही, तो घ्यायला लावा.

सुई टोचल्याची घटनाही लोक लपवतात, कारण फॉर्म भरायला वेळ नसतो. जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू व्हायला हवीत, २८ दिवस. पहिला डोस कॅज्युअल्टीतच हवा. रात्री तो कुठल्या कपाटात आहे आणि चावी कुणाकडे, हे आत्ताच विचारून ठेवा.

खुलासा मागणारं पत्र आलं तर फक्त “पत्र मिळाले” असं लिहून तारखेसह सही करा. तक्रारीची प्रत लेखी मागा. उत्तराला मुदत कमी असेल तर ती वाढवून मागा. उत्तरात फक्त वेळापत्रक: किती वाजता काय, आणि कोणत्या नोंदीच्या आधारे. दुसऱ्या सहकाऱ्यावर ढकलू नका, माफीही मागू नका. केसपेपरचे मोबाइलवर फोटो काढून ठेवणं हा स्वतःच एक गुन्हा ठरू शकतो; नोंदींची प्रत कार्यालयाकडूनच मागा.

पत्रांनी काही हललं नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत: अधिपरिचारिकांची मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, आणि गेल्या सहा महिन्यांचा रात्रपाळीचा ड्यूटी चार्ट. उत्तर ३० दिवसांत. नोकरीत असलात तरी नागरिक म्हणून अर्ज करता येतो, पण संघटनेच्या पदाधिकाऱ्याने केलेला बरा. छोट्या खरेदीसाठी, म्हणजे दुसरा मॉनिटर, ग्लुकोमीटर, लॅरिंगोस्कोपचे बल्ब, रुग्ण कल्याण समितीकडे पैसा असतो. बैठकीच्या विषयपत्रिकेत तुमचा मुद्दा घालून घ्या. एनक्यूएएसच्या (केंद्राच्या गुणवत्ता मानांकनाच्या) तपासणीत अपघात विभागाची वेगळी चेकलिस्ट असते. मानांकन साहेबांना हवंच असतं. तपासणीच्या आधीचे दोन महिने मागण्या रेटायला सगळ्यात चांगले. तेव्हा जे मंजूर होतं ते एरवी वर्षभर होत नाही.

संघटनेचं सभासदत्व घ्या, फक्त संपाच्या वेळी आठवू नका. मे २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यातल्या शासकीय परिचारिका एकजुटीने संपावर गेल्या, तेव्हा प्रश्न निदान मंत्रालयापर्यंत गेला. पण संपावर मेस्माची (अत्यावश्यक सेवा कायद्याची) टांगती तलवार असते आणि सेवा वर्तणूक नियमही आडवे येतात, त्यामुळे तो निर्णय एकट्या विभागाने घ्यायचा नसतो. गर्दीने भरलेल्या वॉर्डाचा व्हिडिओ समाजमाध्यमावर टाकणं तर नकोच. एका पेशंटचा चेहरा दिसला की चर्चा मनुष्यबळावरून उठून तुमच्यावर येते.

खासगीत काम करणाऱ्यांसाठी दोन ओळी. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकाच पगार सुचवला, १०० च्या वर खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली निदान २०,००० रुपये. अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली असल्याने ती आपोआप होत नाही, पण पगाराच्या बोलणीत हा कागद समोर ठेवता येतो. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं आणि परिचर्या परिषदेचं मूळ नोंदणीपत्र हातातून सोडू नका. दाखवा, साक्षांकित प्रती द्या. आधीच दिली असतील तर परत मागणारं पत्र पोचपावतीसह आजच द्या, राजीनाम्याच्या दिवसाची वाट बघू नका.